हिरवा एकटाच आला

तिला एक नाव होतं, आईबापांनी हौसेनं ठेवलेलं. पण पाण्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षी ते मागं पडलं आणि ती पोपटी झाली. कारण तिचे हात. जमिनीखालून पाणी कुठून कुठं जातं हे शोधायला पाण्यात जो रंग सोडतात, तो मिसळायचं काम तिचं. कोरडा असताना तो रंग विटकरी भुकटी असतो, बघणाऱ्याला वाटावं विटेचा चुरा. पण ओला हात लागला, कपाळावरचा घाम लागला, की ती भुकटी एकदम पोपटी होऊन उजळते. कितीही हातमोजे घाला, कितीही साबण लावा, नखांच्या कडेला एक हिरवी रेघ राहतेच. नवरा म्हणायचा, "मेळ्यात हरवलीस तरी काळजी नाही. सांगेन, हिरव्या नखांची बाई बघा."

ती शिपाई म्हणून आली होती, बाटल्या धुवायला. प्रयोगशाळेच्या मॅडम तेव्हा नव्या होत्या आणि एकट्या. मोजमाप करायला त्यांना दोन हात कमी पडत, तेव्हा हिच्या हातात चमचा आला. पहिल्याच कामात तिनं चमच्याऐवजी वाटीभर रंग टाकला आणि कालवा खालच्या वस्तीपर्यंत असा हिरवागार वाहिला, की लोक पूल भरून बघायला आले. एका आजोबांनी तर देवाचा कोप म्हणून हात जोडले. मॅडम दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "रंग डोळ्यांसाठी नसतो, बाई. यंत्राला दिसला की पुरे." तेव्हापासून पोपटी चिमटीनं जगते. घरात भाजीत मीठसुद्धा ती असं टाकते, की सासू ताटावर मीठदाणी घेऊनच बसते.

काम तिला आवडायचं, आणि का आवडायचं हे तिला नीट सांगता यायचं नाही. एका खड्ड्यात काहीतरी ओतायचं, झाकण लावायचं आणि निघून जायचं. मग ते आपल्या पायांखालून, भिंतींखालून, झोपलेल्या माणसांखालून, अंधारातून चालत राहतं. कुणाला न विचारता. आणि एके दिवशी भलत्याच ठिकाणी उजेडात येऊन म्हणतं, मी तोच. तिला वाटायचं, माणसांचं असं कुठं होतं? माणसं वाटेत बदलतात.

रंगही वाटेत बदलतो, हे मॅडमनी तिला पुढं शिकवलं. उन्हात उडतो, चिकणमातीला चिकटून बसतो, कधी दुसऱ्याच ठिकाणाहून लागून येतो. म्हणून एकट्या रंगावर विसंबायचं नाही. त्याच्यासोबत एक क्षार सोडायचा. क्षाराचं उलट: तो उडत नाही, चिकटत नाही, पण चिमटीनं भागत नाही, चांगली गोणी लागते. दोघांच्या खोडी वेगळ्या, म्हणून दोघांची साक्ष मिळून खरी. आणि संशयाच्या जागा तीन असतील तर तीन जोड्या, प्रत्येकीचा रंग वेगळा, क्षार वेगळा; म्हणजे सगळं एकाच वेळी सोडता येतं आणि खाली कोण आलं ते ओळखता येतं. "लग्नातली वऱ्हाडं," पोपटी म्हणायची. "कितीही मिसळू देत, नवरा-नवरी जोडीनंच स्टेजवर येणार."

एक नियम मात्र कडक होता. ज्यानं रंग ओतला त्यानं नमुन्याच्या बाटलीला हात लावायचा नाही. ओतणारी पोपटी, बाटल्या भरणारे बाटलीकाका. काका निवृत्तीला आलेले, पांढरेशुभ्र, आणि रंगाच्या बाबतीत इतके सोवळे, की पोपटी दारातून आत आली की ते खिडकीजवळ जाऊन उभे राहायचे. ओतायच्या दिवशीचा अॅप्रन पिशवीत घालून गाठ मारायची आणि प्रयोगशाळेच्या मागच्या डब्यात टाकायचा, हाही त्याच नियमाचा भाग. वर्षानुवर्षं पोपटी तो पाळत आली होती.

मग झऱ्याचं प्रकरण आलं.

गावाच्या उताराला खालच्या अंगाला एक बांधीव झरा होता. नळ आले तरी निम्मी वस्ती पिण्याचं पाणी तिथूनच न्यायची, कारण ते गोड होतं. त्या पाण्यावर सकाळी फेस दिसू लागला, कधी तेलकट तवंग. पाणी खात्यानं वर बोट दाखवलं. वरच्या अंगाला तिघे होते: दूधवाल्याचा गोठा, मुलींचं वसतिगृह आणि एक लाँड्री. फेस म्हटल्यावर सगळ्यांची नजर लाँड्रीकडं वळली. खात्याच्या साहेबांनी लाँड्रीच्या दारावर कागद चिकटवला: तपासात सांडपाणी झऱ्यात जातं असं निघालं तर लाँड्री बंद.

लाँड्री पोपटीच्या थोरल्या बहिणीची होती.

आक्कानं ती एका मशिनवर सुरू केली होती. आता मशिनं तीन होती, इस्त्रीला दोन बाया, आणि हिशेबाला भावजी, म्हणजे आक्काचे यजमान. ते हिशेब कमी आणि गप्पा जास्त करत. आक्काचं सगळं आयुष्य दुसऱ्याचे डाग काढण्यात गेलं होतं. कुणी घरात आलं की ती आधी त्याच्या कॉलरकडं बघायची, मग तोंडाकडं.

"माझं सांडपाणी गटारात जातं," कागद वाचून ती म्हणाली. "पैसे भरून जोडणी घेतलीय. तुझ्या त्या रंगांना सांग, नीट वाट बघून जा म्हणावं."

"मी काय सांगणार? मला तर तुझ्या दुकानात ओतूही देत नाहीत."

ते खरंच होतं. नात्यातलं काम म्हणून मॅडमनी लाँड्रीत स्वतः लाल रंग ओतला, गोठ्यातही स्वतःच शेंदरी ओतला. पोपटीकडं फक्त वसतिगृह दिलं, आणि हिरवा. तिन्ही रंगांसोबत ज्याचा त्याचा क्षार. वसतिगृहाच्या टाकीत गोणी रिकामी करताना मुली खिडक्यांतून बघत होत्या. एकीनं विचारलं, "मावशी, यात मासे होणार का?" रेक्टरबाई मात्र धास्तावल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आमचं निघालं तर पोरींना कुठं नेऊ हो?" पोपटीनं रिकाम्या गोणीची घडी घातली आणि टाकीचं झाकण लावलं.

काम संपवून ती नेहमीसारखी आक्काकडं चहाला गेली. अॅप्रनची पिशवी गाठ मारून हातात होती, ती दाराआडच्या खुंटीला अडकवली. चहा झाला, आक्काची बोलणी झाली ("दिवसेंदिवस वाळत चाललीस, त्या प्रयोगशाळेत बाटल्याच खातेस का?"), आणि तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, की शाळेची बस बंद पडली आहे, मुलांना घ्यायला जा. पोपटी तशीच पळाली. पिशवी राहिली. दुसऱ्या दिवशी जाता जाता तिनं ती खुंटीवरून उचलली. गाठ जशीच्या तशी होती. मागच्या डब्यात पिशवी टाकली आणि विसरली.

त्या आठवड्याच्या शेवटी झऱ्यात हिरवा आला.

डोळ्यांना नव्हे, पाणी तसंच नितळ होतं. पण यंत्राच्या पडद्यावरची रेघ, जी सतत झोपलेली असते, ती हिरव्याच्या जागी उठून उभी राहिली. बाटलीकाकांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. लालचा पत्ता नाही, शेंदरीचा नाही. फक्त हिरवा.

पोपटीनं दारातूनच बघितलं आणि तिथूनच आक्काला फोन लावला. "सुटलीस," ती म्हणाली. पलीकडून आक्कानं नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "संध्याकाळी ये. गोड करते."

खात्याचे साहेब दुपारी हजर. "हिरवा म्हणजे वसतिगृह. द्या लिहून, लगेच टाळं लावतो."

मॅडम पेन फिरवत बसल्या होत्या. "हिरवा आलाय, पण त्याचा क्षार आला नाही."

"येईल की मागून."

"मागून कसा येईल? क्षार कशालाच चिकटत नाही. आला तर रंगाच्या आधी, नाहीतर बरोबर. हा हिरवा एकटाच आलाय, साहेब. एकटा आला म्हणजे कुणाबरोबर आला ते विचारायला हवं. सोमवारी बोलू."

साहेब कुरकुरत गेले. पोपटीला मॅडमचा थोडा रागच आला. आलेलं सुख असं दारात उभं करून चौकशी कशाला करायची? पण रस्त्यानं जाताना ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. एकटा आला म्हणजे कुणाबरोबर आला.

आक्काच्या घरात गोडाचा वास होता आणि भावजी बनियनवर बसले होते. पोपटी चौकटीतच थबकली.

"भावजी, हा रंग कधीपासून घालायला लागलात?"

भावजींनी छातीकडं बघितलं. बनियन फिकट पोपटी होती, कोवळ्या पानासारखी. "विचार तुझ्या बहिणीला. साऱ्या गावाचे कपडे पांढरे करते आणि नवऱ्याला पोपट करून ठेवलंय. इस्त्रीवाल्या बाया विठू-विठू करायला सांगतात."

"एवढं काय झालं त्यात?" आक्का आतून म्हणाली. "कसला तरी रंग गेला. उतरेल दोन धुण्यांत."

पोपटी खाली बसली. "आक्का. माझी पिशवी उघडली होतीस?"

"कुठली पिशवी?"

"खुंटीवरची."

"ती होय," आक्का कढईतला झारा हलवत म्हणाली. "अॅप्रन होता. विटकरी मातीच माती. म्हटलं, पोर दिवसभर राबते, घरी जाऊन आणखी धुणं कुठं करणार? घरच्या कपड्यांत काढला, वाळवला, घडी घालून परत ठेवला. गाठसुद्धा तुझ्यासारखी मारली."

"सांगितलं का नाहीस?"

"धुतलं म्हणून सांगायचं असतं का कधी?"

हे मात्र खरं होतं. आक्कानं आयुष्यात कधी धुतल्याची दवंडी पिटली नव्हती. पोपटीनं अगदी हळू पुढचा प्रश्न विचारला, कारण उत्तर तिला नको होतं. "कुठं धुतलास? मशिनला?"

"मशिनला गिऱ्हाइकाचे कपडे. घरचे मी मशिनला लावते का कधी? मागच्या हौदावर." आणि मग सहज, झारा खाली ठेवत, "हल्ली गॅरेजवाल्यांचे डांगरीचे कपडेही तिथंच भिजवते. ऑइलनं मशिन खराब होतं."

परसात तो हौद होता. दगडी, आजूबाजूला शेवाळ, तळाला एक भोक आणि त्यात चिंधीचा बोळा. सासऱ्यांच्या काळापासूनचा. मॅडमनी विचारलं होतं, लाँड्रीची मोरी कुठं, आणि आक्कानं खरं तेच दाखवलं होतं. हा हौद लाँड्रीचा नव्हताच. हा घरचा होता. त्यावर कुणी पाटी लावली नव्हती, कुणी जोडणी मागितली नव्हती.

"याचं पाणी कुठं जातं?"

"जातं कुठंतरी," आक्का म्हणाली. "आजवर कधी तुंबलं नाही."

पोपटी त्या भोकाकडं बघत राहिली. किती वर्षं हे कधी तुंबलं नाही म्हणून कुणी विचारलं नव्हतं. जे तुंबत नाही त्याला माणसं चांगलं म्हणतात. आणि ते गुपचूप खाली जात राहतं, गोड पाण्यापर्यंत.

तिनं सगळं सांगितलं. आक्का ऐकत होती, ऐकता ऐकता तिचा चेहरा इस्त्री न केलेल्या चादरीसारखा होत गेला.

"म्हणजे हिरवा माझ्याच दारातून गेला."

"हो."

"आणि हे तुला, मला आणि या पोपटालाच माहीत."

भावजींनी बनियन सावरली.

"आक्का, तिकडं वसतिगृहाला टाळं लागेल. पोरी आहेत."

"माझ्या दुकानात दोन बाया आहेत. त्यांनाही पोरी आहेत." आक्काचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुला लहानपणी मी हाताला धरून शाळेत नेलं. आता तू माझ्या दाराला कुलूप लाव. लाव. गोड खाऊन जा पण."

पोपटीनं ताटली बाजूला सरकवली. भावजी उठले आणि त्यांनी माठातलं पाणी पेल्यात घेतलं. "हे कुठलं पाणी गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"झऱ्याचं. दुसरं कुठलं असणार?"

"मग गेले कित्येक दिवस आपण गॅरेजवाल्यांच्या डांगऱ्या पितोय," असं म्हणून त्यांनी पेला तसाच खाली ठेवला.

 आक्का त्या पेल्याकडं बराच वेळ बघत राहिली. डाग दिसला की तिला नजर काढून घेता येत नसे. मग पदरानं हात पुसून म्हणाली, "सांग जा तुझ्या मॅडमना. पण एक सांगते. त्या भोकात पुन्हा काय ओतायचं ते माझ्यासमोर ओता. मी उभी राहून बघणार."

सोमवारी पोपटीनं मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून अॅप्रनची गोष्ट सांगितली. मागच्या डब्यातली पिशवीही आणली. मॅडमनी गाठ सोडली. आत अॅप्रन होता, कडक इस्त्रीचा, घडीवर घडी, खिशाच्या कडेला हिरव्याचा पुसटसा उसासा.

"इतकी वर्षं झाली," मॅडम म्हणाल्या, "आपल्या अॅप्रनला कुणी इस्त्री केली नव्हती."

खिडकीजवळून बाटलीकाका म्हणाले, "मी आधीपासून सांगतोय, हिला घरी सोडण्याआधी धुऊन वाळत घालत चला."

रागावणं झालंच. नियम म्हणजे नियम, आणि मॅडमनी तो पोपटीला पहिल्या धड्यापासून परत ऐकवला. पण बोलता बोलता त्यांचं पेन कागदावर आपोआप चालू लागलं होतं. अॅप्रनवरच्या भुकटीसोबत गोणीभर क्षार थोडाच होता? म्हणून हिरवा एकटा. लाँड्रीच्या मोरीतला लाल आलाच नाही, म्हणजे मशिनचं पाणी खरोखर गटारात जातं. चोर घरातलाच, पण घर म्हणजे दुकान नव्हे. "चुकून का होईना," त्या म्हणाल्या, "तुझ्या बहिणीनं आपल्याला चौथी जागा दाखवली. आता तिथं जोडीनं पाठवू."

कपाटात एक निळा रंग पडून होता, त्याला नवा क्षार दिला. आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मॅडमनी हौदात तो ओतला. पोपटीला फाटकाबाहेर उभं केलं होतं. ती फाटकाच्या गजांतून बघत होती, लग्नाला न बोलावलेल्या आत्यासारखी.

मग वाट बघणं. ते दिवस आक्कानं झऱ्यावरच काढले म्हटलं तरी चालेल. सकाळी बाटलीकाका बाटली भरायला गेले की ती आधीच पायरीवर बसलेली असायची. "अहो, आलं का काही?" "बाई, ते असं डोळ्यांना दिसत नाही." "मग मी कशाला येते?" "तेच मीही विचारतोय." चौथ्या सकाळी काका तिच्यासाठी घरून चहाचा थर्मास घेऊन आले.

निळा आला. त्याच्या थोडं आधी, शिस्तीत, त्याचा क्षार आला. यंत्रावर दोन रेघा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पोपटीनं दाराबाहेरून टाळी वाजवली, मग तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याच बहिणीचा गुन्हा सिद्ध झाल्याची टाळी वाजवतोय, आणि तिनं हात पाठीमागं लपवले.

पण मॅडमनी कागदावर जे खरं होतं तेच लिहिलं: लाँड्रीच्या मोरीतून झऱ्यात काही जात नाही, परसातल्या जुन्या हौदाचं भोक थेट झऱ्याच्या वाटेला लागतं, ते बुजवलं की फेस थांबेल. कुठंच टाळं लावायला मिळालं नाही म्हणून साहेब जरा नाराज होते, पण दारावरचा कागद त्यांनी स्वतः ओरबाडून काढला. वसतिगृहाच्या मुलींनी पोपटीला विचारलं, "मावशी, आमचे मासे?" ती म्हणाली, "तुमच्या टाकीतून मासा बाहेर पडतच नाही, अशी पक्की आहे ती." रेक्टरबाईंनी तिचे हिरव्या नखांचे हात दोन्ही हातांत घेतले आणि सोडले तेव्हा स्वतःचीच बोटं उलटसुलट करून बघितली.

गवंड्यानं हौदाचं भोक सिमेंटनं बुजवलं. गॅरेजवाल्यांच्या डांगऱ्यांसाठी आक्कानं कुठूनतरी एक जुनं मशिन आणलं, गटाराला जोडलेलं. ते चालताना विमान उतरल्यासारखा आवाज करतं. महिना उलटायच्या आत झऱ्यावरचा फेस गेला.

पोपटी अजून ओतायच्या दिवशी चहाला जाते. पण आता खुंटी दाराआड नाही. आक्कानं ती उपटून फाटकाबाहेरच्या भिंतीत ठोकली आहे. पोपटी पिशवी तिथं अडकवते आणि आक्का फाटकावरून कप देते.

"आत ये की."

"नको. आज लाल होता."

"मग तिथंच उभी राहा," आक्का म्हणते, आणि स्वतः कप घेऊन फाटकाच्या आतल्या बाजूला उभी राहते. दोघी मध्ये गज ठेवून गप्पा मारतात. चहा संपला की आक्काची नजर पिशवीकडं जाते. हात शिवशिवतात, हे पोपटीला दिसतं.

"हात लावू नकोस हं."

"कोण लावतंय?"

तेवढ्यात भावजी कळशी घेऊन बाहेर पडतात, झऱ्याकडं. अंगावर तीच बनियन. कितीही धुतली तरी ती पांढरी झालेली नाही, आणि आता ते दुसरी घालतही नाहीत. वाटेत कुणी विचारलं तर मान ताठ करून सांगतात, हा रंग घालून मी या पाण्याची वाट दाखवलीय.